खोट्या बुडाची पायली

मंडळी, पूर्वी आपल्याकडे धान पायलीने मोजत. बाहेरून पाहावे तर पायली पुरी दिसे. पण एखादा लबाड विकणारा आत दुसरे बूड वर उचलून बसवी. घेणारा पैसे मोजून जाई आणि घरी धान कमी भरे. आज धान काट्यावर मोजतात. पण खोट्या बुडाची पायली गेली नाही. ती आता नखाएवढी झाली आहे आणि मोबाइलमध्ये बसते.

आम्ही मेमरी कार्डाविषयी बोलतो आहोत. संगणकाला लावायच्या पेन ड्राइव्हचीही गोष्ट हीच.

कार्ड ही फोटो, गाणी, व्हिडिओ ठेवायची कोठी. कोठी किती मोठी, ते जीबी या मापाने सांगतात. ८, १६, ३२, ६४, १२८ असे आकडे कार्डावर छापलेले असतात. आकडा मोठा, तेवढी जागा जास्त.

आता लबाडी कशी होते ते ऐका. कार्डाच्या आत एक साठवण्याची जागा असते आणि एक तिचा कारकून असतो. जागा किती आहे, हे फोनला कारकूनच सांगतो. लबाड माणूस ८ जीबीची कोठी घेतो आणि कारकुनाला शिकवून ठेवतो, "विचारलं तर ६४ सांग." वर नामांकित कंपनीचं नाव छापलं की झालं काम! फोनला बिचाऱ्याला काय कळणार? तोही ६४ च दाखवतो. म्हणून दुकानात कार्ड फोनमध्ये घालून आकडा पाहिला, एवढ्याने खात्री होत नाही. पुष्कळ लोक इथेच फसतात.

पहिले ८ जीबी भरेपर्यंत सगळे ठीक चालते. पुढे काय होते? नवे लिहिलेच जात नाही, किंवा जुन्यावर लिहिले जाते. यादीत नाव दिसते, पण उघडायला गेले तर उघडत नाही.

तिरोडा तालुक्यातल्या एका घरी वैशाखात लग्न झाले. मुलाने मंडईतून घेतलेल्या कार्डावर सगळे टिपले. हळदीचे व्हिडिओ त्याच रात्री पाहिले, छान दिसले. म्हणून कोणी पुढचे पाहिले नाही. पावसाळ्यात आजी वारल्या. त्यांनी नवरीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला होता, तेवढा तरी पाहू म्हणून कार्ड काढले. हळद दिसली. लग्न उघडेना. गावोगाव दाखवून झाले. पण जे कार्डावर कधी लिहिलेच गेले नव्हते, ते कोण काढून देणार? कार्डाचे दीडशे रुपये गेले, त्याचे दुःख त्या घरात कोणालाच नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, मग ओळखायचे कसे?

पहिली खूण किंमत. १ टीबी म्हणजे १००० जीबी. एवढे मोठे नखाएवढे कार्ड २०१९ साली प्रथम बाजारात आले, आणि त्याची किंमत हजारोंच्या घरात होती. मग कोणी मोबाइलवर जाहिरात देऊन १६ टीबीचा पेन ड्राइव्ह चारशे रुपयांत देत असेल, तर तो दानधर्म करायला बसला आहे काय? दिवाळीनंतरच्या मंडईत आणि रेल्वेच्या डब्यात मिळणारे, गाणी भरलेले कार्ड गाण्यांपुरते घ्या हवे तर. घरचे फोटो त्यावर ठेवू नका.

पाकीट वाचा. आता तुम्हांला वाचता येते, त्याचा हा उपयोग. बनवणाऱ्याचे किंवा परदेशातून आणणाऱ्याचे नाव, पत्ता, महिना व साल, जास्तीत जास्त किंमत आणि तक्रारीचा फोन नंबर पाकिटावर छापलेला असलाच पाहिजे. तसा नियम आहे. पण छपाईची नक्कलही होते, म्हणून खरी परीक्षा एकच. कार्ड काठोकाठ भरून पाहायचे.

तालुक्याच्या गावी संगणक चालवणाऱ्या मुलाला सांगा, "एच टू टेस्ट डब्ल्यू लावून दे." हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो कार्ड पूर्ण भरतो आणि भरलेले पुन्हा वाचून पाहतो. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. लागू द्या. कार्ड मात्र रिकामे असताना हे करावे.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. ६४ चे कार्ड संगणकात ५९ च्या आसपास दिसते. ही लबाडी नव्हे. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, संगणक एक हजार चोवीसच्या पटीने. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. दुकानदार दर वेळी लबाड असतोच असेही नाही. त्यालाही कधी वरून खोटाच माल आलेला असतो.

पण बिल मागा. गोंदियाला जा की आमगावला, "बिल कशाला?" असे कोणी म्हटले तर दुसऱ्या दुकानात जावे. माल खोटा निघाला तर आधी दुकानदाराकडे बदलून मागा. त्याने ऐकले नाही तर १९१५ या नंबरावर फोन लावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तिथे तक्रार देता येते. वकील लागतोच असे नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पडत नाही.

तोवर ते कार्ड, पाकीट आणि बिल एका डब्यात ठेवा. त्या कार्डावर आणखी काही भरू नका. जे उघडते आहे ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या.