बदकाचे पीस आणि डझनाचा भाव



वसंत व्याख्यानमालेत संतांवर बोलले जाते, शेतमालाच्या भावावर बोलले जाते. बदकाच्या पिसावर बोलणारा बहुधा मी पहिलाच. आपली भातकुली खारपाणपट्ट्यातली. विहिरीचे पाणी तोंडी धरवत नाही, अशा गावी बदक आणि मासे कशाला, असे कोणी म्हणेल. कारण साधे आहे. आपल्या भागातल्या काही भगिनींनी मला विचारले, "भाऊ, गळावरच्या माश्या घरी बसून बांधायचं काम एक व्यापारी देतो म्हणतो. डझनावर पैसे. घ्यावं काय?" माझे शिक्षण सातवीचे, पुढचे सारे वाचनालयात आणि जिनाच्या फाटकावर झाले. तेव्हा उत्तर देण्याआधी ही माशी काय चीज आहे, ते मी समजून घेतले.

आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाही तर कणकेची गोळी. पण काही मासे पाण्यावर पडलेले किडे खातात. विलायतेतला ट्राउट हा त्यांतला मुख्य. इंग्रजांनी तो काश्मीर आणि निलगिरीच्या थंड पाण्यातही आणून सोडला. त्याला फसवण्यासाठी गळाच्या आकड्यावर दोरा, लोकर आणि पिसे गुंडाळून किडा तयार करतात. खरी कारागिरी किड्याच्या पायांची. कोंबड्याच्या मानेचे लांब, चिवट पीस आकड्याभोवती फिरवले की त्याचे तंतू बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंनी उभे राहतात, आणि त्या आऱ्यांवर माशी पाण्यावर तरंगते.

आता बदक. लोक म्हणतात, बदक पाण्यात भिजत नाही, मग त्याचे पीस तर अधिकच चांगले! इथेच फसगत होते. बदकाच्या कुशीचे पीस घ्या. त्याचा दांडा जाड, तंतू मऊ आणि एकमेकांना बारीक आकड्यांनी चिकटलेले. कोंबड्याच्या पिसासारखे गुंडाळू गेलात तर दांडा पीळ खातो, नाही तर मोडतो, आणि तंतू उभे राहण्याऐवजी अंगावर लोळतात. म्हणून त्याची रीत निराळी. एका बाजूचे तंतू सोलून टाकायचे, दांडा ओला करायचा, बुडख्याऐवजी शेंड्याकडून बांधायचा, कारण तिथे तो बारीक असतो. आणि एक-दोन वेढ्यांतच थांबायचे. अशी माशी तरंगत नाही, बुडते. पण बुडाल्यावर ते मऊ तंतू प्रवाहात हलतात आणि किडा जिवंत वाटतो. दुसरी रीत अशी की, तंतू दांड्यावरून कापून दोऱ्याच्या दोन पदरांत धरायचे, पीळ द्यायचा आणि मग तो केसाळ दोरा गुंडाळायचा. दांड्याची कटकट जाते, पण हात दुप्पट चालवावा लागतो.

तरंगणारे पीसही बदकाकडे आहे, मात्र ते भलत्याच ठिकाणी. शेपटीच्या बुडाशी तेलाची एक ग्रंथी असते. चोचीने तिथले तेल घेऊन बदक अंगभर चोपडते. त्या ग्रंथीभोवती लहान, लवलवीत पिसे असतात. स्वित्झर्लंडमधल्या ज्युरा डोंगराकडच्या कारागिरांनी 1920 च्या सुमारास त्यांच्या माश्या बांधल्या. त्या पिसाचे फ्रेंच नाव 'क्यू द कानार'. त्याचा अर्थ मी सभेत सांगत नाही, पीस कुठून येते ते सांगितलेच आहे. ते धुऊन रंगवले तरी तरंगते, कारण त्याच्या बारीक तंतूंत हवेचे बुडबुडे अडकून राहतात. त्याला वरून चरबी चोळली तर मात्र तंतू चिकटतात आणि गुणच जातो.

पीस पाळीव बदकाचेच घ्यायचे, हेही सांगून ठेवतो. हिवाळ्यात आपल्या तलावांवर रानबदके उतरतात. त्यांना हात लावायचा नाही. मेळघाटातल्या रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे ठिपके असतात, आणि त्या पिसांना परदेशातल्या सामन माशाच्या माश्यांत मोठा मान आहे. हिंदुस्थानातून पक्ष्यांच्या पिसांची निर्यात 1902 मध्येच बंद झाली होती. 1972 चा वन्यजीव कायदा तर सर्वांना ठाऊक आहे. तरी हाव सुटत नाही. 2009 मध्ये इंग्लंडातल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुण संगीत-विद्यार्थ्याने 299 पक्ष्यांची कातडी चोरली, तीही माश्या बांधणाऱ्यांच्या हौसेपायी!

माश्या बांधण्याचा हा धंदा बहुतेक हातांचाच राहिला आहे. केनियात आणि कोलकात्यात माश्या बांधून परदेशी जातात. बांधणाऱ्या हाताची किंमत डझनात मोजली जाते, आणि आपल्या प्रश्नाची मेख इथेच आहे. व्यापाऱ्याने सर्व माश्यांना एकच भाव सांगितला आहे. पण कोंबड्याचे पीस गुंडाळून मोकळे होता येते. बदकाचे पीस निवडावे लागते, धुवावे, वाळवावे, सोलावे किंवा कापावे लागते, तेव्हा कुठे बांधणे सुरू होते. हे आधीचे काम कोणाच्या हिशेबात? विडीच्या धंद्यात पाने कापण्याची, भिजवण्याची मेहनत अशीच फुकटात जात असे. छाट काढलेल्या विडीचे पैसे मिळत नसत आणि ती विडीही परत मिळत नसे. 1966 च्या विडी कायद्याने घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार ठरवली, ती पुष्कळ वर्षांच्या झगड्यानंतर.

काम वाईट आहे, असे मी म्हणत नाही. सावलीत बसून करायचे, हाताला कसब देणारे काम आहे. डोळ्यांना ताण आहे, तेव्हा रात्री दिव्याखाली करू नये. पण बदकाच्या माशीचा भाव वेगळा ठरला पाहिजे, पिसे निवडण्याची मजुरी निराळी मिळाली पाहिजे, आणि नापास माशी बांधणारीच्या समोर मोजून तिलाच परत दिली पाहिजे. आकडे व दोरा कोणी आणायचा, हे कागदावर लिहून घ्यावे.

तूर्त सहा भगिनी प्रत्येक प्रकारची एकेक डझन माशी घड्याळ लावून बांधत आहेत. पिसे धुण्यापासूनचा वेळ वहीत लिहायचा, मधल्या चहाचा वजा करायचा. व्यापारी अक्षय्य तृतीयेनंतर पुन्हा येणार आहे. वह्या त्याच्या आधी चार दिवस माझ्याकडे द्याव्यात.