पाळीवर उभं राहून
(के. आर. पुरम, बेंगळूरु येथील मराठी रहिवाशांच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

सुट्टी तोंडावर आली की आपल्या घराघरांत एकच प्रश्न फिरतो, यंदा कुठं जायचं? कुर्ग, उटी, वायनाड ही नावं ठरलेली असतात. आज मी त्या यादीत नसलेलं एक ठिकाण सुचवणार आहे. इथून हजार किलोमीटरहून लांब, महाराष्ट्राच्या अगदी पूर्व कडेला, गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध. या उन्हाळ्यात नको, येत्या थंडीत जा. रेल्वेनं बल्लारशाह गाठायचं आणि पुढं चांदा फोर्टहून गोंदियाकडे जाणाऱ्या मार्गानं जायचं. खिडकीबाहेर भाताची खाचरं आणि तळी एकामागून एक दिसू लागली की समजायचं, पूर्व विदर्भातली झाडीपट्टी आली.

नवेगावला १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०१३ मध्ये नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ दिसला तर भाग्य. पण नवेगावला जावं ते पाण्यासाठी. डोंगरांच्या कुशीत सुमारे दहा-अकरा चौरस किलोमीटर पसरलेला हा तलाव. भोवतालच्या सात डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि मधोमध मालडोंगरी नावाचं बेट आहे.

मी पहिल्यांदा गेलो तो जानेवारीचा महिना होता. पहाटे पाळीवर पोचलो तेव्हा धुक्यामुळं पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. मी सोबत्याशी काहीतरी बोलायला लागलो, तर गावातला वाटाड्या हळूच म्हणाला, "बोलू नोका, पाखरं उठतीन." आम्ही गप्प बसलो. तासाभरानं धुकं विरळ झालं आणि पाण्यावर काळे ठिपके दिसू लागले. ते वारकरी होते. हो, या पक्ष्याचं मराठी नावच वारकरी. सारं अंग काळं आणि कपाळावर गोपीचंदन लावल्यासारखी पांढरीशुभ्र खूण. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं पक्षीही नीट पाहिला होता आणि पंढरीची वाटही. वारकऱ्याला झटकन उडता येत नाही. तो आधी पाण्यावरून धावतो, पायांचा चपचप आवाज होतो, आणि मग कुठं त्याला हवा सापडते. त्या दिवशी शेकडो पायांचा तो आवाज आमच्यासमोरून डावीकडून उजवीकडे गेला. पलीकडे तलवार बदकं होती, चक्रवाकांची जोडी होती. पोहे खायला गेलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

पण मंडळी, आम्ही बसलो होतो कशावर, हे मला त्या दिवशी सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वाटाड्यानं पाळीजवळचं कोलासुर देवाचं ठाणं दाखवलं. सांगतात ते असं, की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला आणि लोकांनी पुढं त्यांनाच देव मानलं. ज्याला मी निसर्गाची देणगी समजत होतो, ते माणसांनी टोपलीटोपलीनं माती वाहून उभं केलेलं काम होतं. डोंगरांमधली खिंड हेरायची, तिथं पाळ घालायची, सांडव्याची उंची ठरवायची. कोहळी समाजाची ही विद्या. गोंड राजांच्या काळात जो जंगल तोडून गाव वसवी आणि तलाव बांधी, त्याला जमिनीचा हक्क मिळे. त्या पद्धतीचं नाव तुकूम. चंद्रपुरात आजही त्या नावाची वस्ती आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात असे तलाव हजारोंनी झाले. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांना नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, बोलण्यात मामा तलाव. मालक गेला, पण पाळीवर दरसाल माती टाकायची जबाबदारी कुणाची, हे मात्र धूसर झालं.

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच नवेगावला राहिले. पुस्तकांइतकंच त्यांनी तिथल्या माणसांकडून रान शिकून घेतलं. पाखरांची, झाडांची, माशांची स्थानिक नावं त्यांनी टिपली आणि मराठीला दिली. जून २०२५ मध्ये ते गेले. आपण पक्ष्याला मराठीतून हाक मारू शकतो, याचं मोठं श्रेय त्यांचं.

आणखी एक गोष्ट. नवेगाव ज्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात आहे, तिथल्या कितीतरी तलावांत बेशरमाची झुडपं माजली होती. मूळच्या पाणवनस्पती गेल्या, त्यांच्याबरोबर गावठी मासे घटले आणि वनस्पती खाणारे पक्षीही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे कार्यकर्ते आणि गावोगावचे ढिवर मासेमार, त्यांतही स्त्रिया, पुढं आले. त्यांनी बेशरम उपटलं, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरला आणि पावसाळ्यात दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती हातांनी लावल्या. भात लावावा तसं तळं लावलं! मग मासे परतले, पाखरंही परतली. कोलू पाटलांचं काम तीनशे वर्षांनी या बायका पुढं नेत होत्या.

आता के. आर. पुरमला परत येऊ. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, आणि मोठी नदी एकही नाही. म्हणून इथल्या लोकांनीही तेच केलं. उतारावर एकाखाली एक तळी बांधली. एक भरलं की कोडीवरून पाणी पुढच्या तळ्यात जाई. कोडी म्हणजे सांडवा, एरी म्हणजे पाळ, तूबु म्हणजे पाणी सोडायचं दार. शब्द कानडी, विद्या तीच. पाणी वाटणारा तो नीरगंटी. ओल्ड मद्रास रोडवरून जाताना दिसणारं एले मल्लप्पा शेट्टी केरे आठवा. एले म्हणजे पान, केरे म्हणजे तळं. विड्याच्या पानांच्या एका व्यापाऱ्यानं आपल्या कमाईतून ते बांधलं, असं लोक सांगतात. कोलासुराचा सख्खा भाऊ शोभावा असा माणूस! आणि आपण रोज घाईनं त्याच्या बाजूनं निघून जातो.

तळ्यांना जोडणाऱ्या कालव्यांत सांडपाणी शिरलं की काय होतं, ते बेळ्ळंदूरच्या तळ्यानं दाखवलं. २०१५ मध्ये त्याचा फेस रस्त्यावर उडत होता, २०१७ मध्ये तिथं आगीचा धूर निघाला. २०२४च्या उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकांच्या बोअरवेल आटल्या, टँकरसाठी फोन फिरवत बसावं लागलं. आपण पितो ते कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर उंच चढवून आणावं लागतं. आणि घराशेजारचं तळं मात्र आपल्याला नावानंही ठाऊक नसतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. नवेगावला जरूर जा, मुलांना घेऊन जा. तिथं गाण्यांचा पेटारा नेऊ नका. वाटाड्या स्थानिकच घ्या, त्याला घाई करू नका, आणि कोलासुराच्या ठाण्यापाशी मुलांना बांध कुणी घातला ते सांगा. पण त्याआधी येत्या रविवारी पहाटे आपल्या इथल्या वेंगय्यन केरेच्या पाळीवर तासभर गप्प बसा. आपल्या इमारतीच्या गच्चीवरचा पाऊस कोणत्या गटारातून कोणत्या तळ्यात जातो, ते चालत जाऊन शोधा. वाटेत कानडी शेजारी भेटतील, त्यांना कोडी कुठं आहे ते विचारा. जुनी माणसं हात धरून नेऊन दाखवतात, हा माझा अनुभव आहे.

गेल्या डिसेंबरात मी असाच वेंगय्यन केरेवर गेलो होतो. एका कडेला जलपर्णीची दाटी होती, दुसरीकडे मोकळं पाणी. त्या मोकळ्या पाण्यात सात वारकरी होते. कपाळी तीच पांढरी खूण. कुणीतरी पाळीवरून मोठ्यानं हाक मारली आणि ते पाण्यावरून धावत सुटले. चपचप, चपचप. आवाज नवेगावचाच होता. फक्त तिथं शेकडो होते आणि इथं सात. येत्या थंडीत आठ व्हावेत, नऊ व्हावेत, यासाठी आपण एकत्र यायचं आहे.