पेन्शन केव्हा सुरू करावी?

(डिचोली तालुक्यातील खाण कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



2012 च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या. मध्यंतरी काही काळ त्या चालल्या, आणि 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांतील पन्नाशीचे कितीतरी कामगार त्यामुळे अवेळी घरी बसले. त्यांच्यापुढे तेव्हा उभा राहिलेला प्रश्न आजही मला गावोगावी विचारला जातो : पेन्शन आताच घ्यावी, की थांबावे?

मी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा अधिकारी नव्हे. माहिती आपल्यापर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. तेव्हा नियम काय आहे तेवढे प्रथम सांगतो.

मालकाच्या वर्गणीतील शेकडा 8.33 इतका भाग 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जमा होत आला आहे. दहा वर्षे सेवा भरलेल्यास अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण पेन्शन मिळते. नोकरी सुटली असेल तर पन्नाशीनंतर ती केव्हाही मागता येते; मात्र अठ्ठावन्नास जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षासाठी शेकडा 4 कपात होते. (2008 पर्यंत ही कपात शेकडा 3 होती.) उलटपक्षी, 2016 पासून साठीपर्यंत थांबणाऱ्यास दरवर्षी शेकडा 4 वाढ देण्यात येते.

पुष्कळांची समजूत अशी की कपात अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंतच चालते, नंतर रक्कम पूर्ववत होते. तसे होत नाही. एकदा कापलेली पेन्शन आयुष्यभर कापलेलीच राहते. शिवाय या पेन्शनीवर महागाई भत्ता नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता हिशेब पाहू. समजा, एका कामगारास अठ्ठावन्नाव्या वर्षी दरमहा 3,000 रुपये बसतात. तीच पेन्शन त्याने त्रेपन्नाव्या वर्षी मागितली तर सुमारे 2,400 मिळतील. पाच वर्षांत त्याच्या हाती 1,44,000 रुपये आलेले असतील. थांबलेल्यास पुढे दरमहा 600 रुपये, म्हणजे वर्षाला 7,200 अधिक मिळतील. मधली तूट भरून निघावयास वीस वर्षे लागतील. तोवर तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालेला असेल. साठीपर्यंत थांबणाऱ्याचे गणित तर याहून लांबचे आहे. दोन वर्षांचे 72,000 रुपये सोडून तो दरमहा 240 रुपये वाढवून घेतो. नोकरी व वर्गणी चालू नसेल, तर ती रक्कम वसूल होण्यास पंचवीस वर्षे जातील.

म्हणून लवकर पेन्शन घेणारा मूर्ख, असे जे सर्रास बोलले जाते ते मला पटत नाही. घरात चूल पेटण्याची पंचाईत असेल, अथवा सावकाराचे व्याज वाढत असेल, तर त्रेपन्नाव्या वर्षी घेतलेले 2,400 रुपये हेच शहाणपणाचे. ज्याची मुले कमावती आहेत, किंवा ज्याला अन्यत्र काम मिळाले आहे, त्याने मात्र घाई करू नये.

परंतु या हिशेबात एक व्यक्ती आपण नेहमी विसरतो. एका गावी असाच हिशेब मांडून झाल्यावर मागच्या रांगेतील एका बाईंनी विचारले, ‘‘आणि हे गेल्यावर माझे काय?’’ सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. पतीच्या मागे पत्नीस त्याच्या पेन्शनीची निम्मी रक्कम मिळते. 3,000 ची निम्मी 1,500. 2,400 ची निम्मी 1,200. वयाने पाच-सात वर्षांनी लहान असलेल्या पत्नीस त्या 1,200 रुपयांवर दीर्घकाळ काढावा लागेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हिशेब नवऱ्याच्या वयावर मांडलेला असतो; घराचा हिशेब तेथे संपत नाही. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी घरी विचारा. अर्जासोबत पतिपत्नींचे एकत्र छायाचित्र लागतेच. निर्णयही एकत्र व्हावा.

थांबावयाचे ठरविल्यास स्वस्थ मात्र बसू नका. नमुना 10-सी भरून स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा. त्यात आपली सेवा व कुटुंबाची नावे नोंदलेली असतात, आणि दुर्दैवाने पेन्शन सुरू होण्याआधीच काही घडले तर पत्नीच्या हाती तोच आधार राहतो. पेन्शनीचा अर्ज नमुना 10-डी मध्ये करावयाचा असतो. आधार कार्डावरील व निधीच्या नोंदीतील जन्मतारीख जुळते की नाही, हे आजच घरी जाऊन पाहा. ज्यांनी कागदपत्रे सोबत आणली असतील, त्यांनी सभेनंतर बाहेरच्या व्हरांड्यात थांबावे. मी तेथे आहे.