थर्माकोलचा खोका थंडी देत नाही, राखतो



आमच्या गटाचं पनीर दर आठवड्याला तालुक्याच्या बाजारात जातं. मागच्या चैत्रात चार किलो पनीर आंबलं. बर्फ घातला होता, थर्माकोलचा खोकाही नवा होता. मग आम्ही सगळ्याजणी बाजारात गेलेल्या ताईंवरच चिडलो. नुकसान त्यांच्याकडून भरून घ्या, असंही कुणी म्हणालं. बैठकीत एकेक गोष्ट आठवत गेलो, तेव्हा कळलं. गाडी चुकेल म्हणून पनीर कोमट असतानाच आम्ही खोक्यात भरलं होतं.

आपल्याला वाटतं, थर्माकोल थंड करतो. तो काहीच थंड करत नाही. गोधडी कुठे स्वतः ऊब देते? आपल्याच अंगाची ऊब ती धरून ठेवते. थर्माकोलचंही तसंच. त्याच्या बारीक दाण्यांमध्ये हवा कोंडलेली असते. शंभरातले सुमारे ९८ भाग हवाच! कोंडलेली हवा हलत नाही, म्हणून उष्णता तिच्यातून फार हळू जाते. पूर्वी बर्फ लाकडाच्या भुशात ठेवत, तेही याच कारणानं. पण उष्णता आत येताना अडते, तशी बाहेर जातानाही अडते. कोमट पनीरची ऊब आतच राहिली, आणि बर्फ ती ऊब शोषण्यातच वितळून गेला.

आता आम्ही काय करतो, ते सांगतो. पनीर आधी गार पाण्यात आणि मग फ्रीजमध्ये पूर्ण थंड करतो. बर्फ पिशवीत बांधून पनीरच्या वर ठेवतो, कारण गार हवा खाली उतरते. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावतो. खोका सावलीत ठेवतो आणि सारखा उघडत नाही. कोपरा तुटला असेल, तर तो खोका पनीरला वापरत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. थर्माकोल चुलीजवळ नको, पत्र्याखाली उघडा लावणंही नको. तो लगेच पेटतो आणि धूर विषारी असतो. जुना खोका जाळू नका. त्यात माती भरून कोथिंबीर लावा.

त्या ताईंची आम्ही माफी मागितली. नुकसान सगळ्याजणींनी वाटून घेतलं. तुमच्या गटात माल खराब झाला, तर आधी कारण शोधा. बाईला बोल लावायची घाई करू नका.