मागून येणारी टकटक: गाडी ऐकायची कशी?

आजचा भाग गाडीच्या मागच्या बाजूने येणाऱ्या आवाजाबद्दल आहे. घरी आठ-दहा वर्षं जुनी हॅचबॅक असेल तर हेडफोन लावा, कारण मधे एक रेकॉर्डिंग वाजवणार आहे.

गाडी आमच्या बाबांची, हिंगणघाटची. अकरा वर्षं झाली. यंदा पावसाळा संपला आणि मागून टकटक सुरू झाली. बाबांचा प्रश्न एकच, "काहाचा आवाज हाय बे हा? चाक तर नाही निघून जाणार?" ऐकायला गंमत वाटते. पण आईच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, दर पंधरा दिवसांनी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं, आणि या आवाजापायी बाबांनी गाडी उभी करून तिला एसटीने न्यायला सुरुवात केली होती. एका वर्कशॉपमध्ये दाखवली तर दोन मिनिटं चालवून त्यांनी सांगितलं, मागचे दोन्ही शॉकअप बदला, साडेनऊ हजार. असेलही बरोबर. पण शॉकअपच का, हे काही कोणी सांगेना.

आधी मागच्या चाकांपाशी नेमकं काय असतं ते डोळ्यासमोर आणा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो. म्हणजे दोन चाकांना जोडणारा एक लोखंडी तुळईसारखा भाग. त्याचे दोन हात पुढे येऊन बॉडीला रबरी बुशमधून बोल्टने बसतात. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगचं हेलकावणं थांबवतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येणार आहे.

मी पहिल्यांदा डिक्की रिकामी केली. जॅक, पाना, स्टेपनी, मागचा पार्सल ट्रे, सगळं घरात. सीटबेल्टची बकलं फडक्यात गुंडाळली, मागच्या सीटची पाठ ओढून तिचं लॉक तपासलं. हसू नका, मागून येणारे कितीतरी आवाज सैल स्टेपनीचे नाहीतर जॅकचे असतात. सीएनजी असेल तर सिलेंडरच्या पट्ट्याही हलवून बघा. सायलेन्सर टांगलेली रबरं तर नक्कीच. हे करायला पैसे लागत नाहीत आणि कोणी आपल्यासाठी करतही नाही.

आवाज तरीही होताच. मग दोन फोन घेतले. एक डिक्कीत डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या, दोन्ही टॉवेलमध्ये, रेकॉर्डिंग चालू. डिक्की लावायच्या आधी एक टाळी वाजवली, म्हणजे नंतर दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता येतात. हे ऐका.

(रेकॉर्डिंग: टक... टक-टक... टक...)

उजवीकडचा आवाज स्पष्ट मोठा होता. पत्र्यातून आवाज कुठूनही कुठे जातो, त्यामुळे यावर डोळे झाकून विश्वास नको. पण सुरुवात कुठून करायची ते कळलं.

पुढचा प्रश्न, आवाज चाकाच्या फिरण्याचा आहे की रस्त्याचा? इथे शाळेतलं गणित कामी येतं. १७५/६५ आर १४ टायरचा परीघ साधारण १.८३ मीटर. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला सहा वेळा फिरतं, २० ला तीन वेळा. टकटक त्याच प्रमाणात वाढली-घटली तर टायर, ड्रम किंवा बेअरिंगकडे बघा. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ताल असा नव्हताच. रस्ता खराब की टक, रस्ता गुळगुळीत की चूप. म्हणजे सस्पेन्शन.

आता एक आडवाट. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी समृद्धी सुरू झाला तेव्हापासून वर्ध्याकडचे बरेच जण म्हणतात, "समृद्धीवर चढलो की मागून ठकठक येऊन राह्यली." अहो, तो सिमेंटचा रस्ता आहे. काँक्रीटला ठरावीक अंतरावर सांधे कापलेले असतात, एरवी साधारण साडेचार मीटरवर. १०० च्या स्पीडने सेकंदाला सहा सांधे जातात. चाक मात्र त्या स्पीडला पंधरा वेळा फिरतं. मोजा, आणि सहाच्या आसपास आलं तर निवांत जा.

परत आमच्या गाडीकडे. मोठ्या स्पीडब्रेकरवर आवाज नाही, पण रंबलरच्या बारीक पट्ट्यांवर हमखास. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे आतल्या रस्त्यांना लाटा पडतात. प्रयोगशाळा घराबाहेरच होती. त्याच तुकड्यावर, त्याच २० च्या स्पीडने, मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. हलका हँडब्रेक लावून बघितलं, म्हणजे ब्रेकचे शू खडखडत असतील तर गप्प होतील. फरक नाही. मग डिक्कीत तुरीचे दोन कट्टे ठेवले, शंभर किलो. आवाज गायब! कट्टे काढले, परत टकटक. तीनदा केलं, तीनदा तेच.

शॉकअपला वजनाशी फारसं घेणं-देणं नसतं, तो हालचालीच्या वेगाला विरोध करतो. वजन टाकल्यावर दाबली जाते ती स्प्रिंग. म्हणजे रिकाम्या गाडीत स्प्रिंगचं टोक कुठेतरी उचलून आपटत असावं. शॉकअप सुटला असं मी तरीही म्हणत नव्हतो. पण त्यावर तेल पाझरलेलं नव्हतं, आणि मागचा कोपरा दाबून सोडला की गाडी एका झोक्यात थांबत होती. ही दाबायची परीक्षा अगदीच मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही, हेही खरं.

हे सगळं घेऊन गावातल्या एका मेकॅनिक भाऊंकडे गेलो. त्यांनी गाडी उचलली, स्टँड लावले (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही, कधीच), बॅटरीचा उजेड मारला आणि म्हणाले, "हे पाय ना." उजव्या स्प्रिंगखालचं रबर फाटलं होतं. त्याच्या जागी वाळून दगड झालेली काळी माती. आणि बाकी सगळीकडे गंज असताना बोटाच्या पेराएवढा एक डाग आरशासारखा चकाकत होता. लोखंड लोखंडावर घासलं की असा डाग पडतो. आवाज शोधताना असा डाग सापडला तर समजा काम झालं. स्प्रिंग तुटली आहे का तेही त्यांनी टोकापर्यंत बोट फिरवून बघितलं. नव्हती.

दोन्ही बाजूंची रबरं आणि मजुरी, नऊशेच्या आत. पुढच्या तारखेला आई गाडीनेच सेवाग्रामला गेली.

तुमच्याकडे रबर चिरडल्यासारखा कुरकुर आवाज असेल तर बुशवर थोडं साबणाचं पाणी मारून बघा. तात्पुरता थांबला तर बुशच. पण तिथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस चोपडू नका, रबर फुगून खराब होतं. बुश बदलून घेतलात तर त्याचे बोल्ट शेवटचे कसताना गाडी चाकांवर उभी हवी. हवेत लटकलेली असताना कसले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. स्पीडबरोबर वाढणारी, वळणावर बदलणारी घूंऽऽ मात्र बहुतेक बेअरिंगची.

आणि काही बाबतीत माझे प्रयोग करत बसू नका. ब्रेक मारताना मागची बाजू सरकल्यासारखी वाटली, गाडी एका बाजूला बसली, टायर आतून घासला जातोय किंवा बोल्ट सैल दिसला, तर गाडी आहे तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला बोलवा.

तुमच्या गाडीचा आवाज पाठवणार असाल तर रेकॉर्डिंगबरोबर स्पीड, रस्ता कसला, गाडीत माणसं किती आणि सकाळी येतो की दुपारी, एवढं लिहा. थंडीत रबर कडक होतं, म्हणून वेळ विचारतोय. नुसतं "भाऊ, मागून आवाज येऊन राह्यला" एवढंच पाठवलंत तर मी पहिल्यांदा डिक्की रिकामी करायला सांगणार.