टीम मालकाची, शहर आपलं : पुण्याची टीम दिल्लीला कशी पोचली?

(या भागात मी जे बोलले त्याचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' निम्मे तरी काढलेत.)

लोकलमध्ये दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी नीट आत सरका, मग ऐका.

मी बोलतेय नाहूरहून. नाहूर कुठे, असं विचारणाऱ्यांना मी 'मुलुंडच्या अलीकडे' सांगते आणि विषय संपवते. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं स्टेशन, फक्त स्लो लोकल थांबते. माझ्यासारख्या फुटबॉलवेडीला हे लक्षात ठेवावंच लागतं. मुंबई सिटीची मॅच अंधेरीला. संध्याकाळी नाहूरहून स्लो पकडायची, घाटकोपरला उतरायचं, मेट्रोने आझाद नगर, तिथून चालत अंधेरी क्रीडा संकुल. मॅच साडेनऊच्या सुमारास संपली की हाच प्रवास उलटा. घरी पोचेपर्यंत आईचे तीन मिस्ड कॉल.

आजचा विषय आहे टीम हलवणं. एखाद्या शहराची टीम मालक उचलतो आणि दुसऱ्या शहरात नेऊन ठेवतो, तेव्हा नक्की काय होतं, आणि त्यात तुम्हाला-मला कोणी काही विचारतं का?

सुरुवात एका कबुलीने करते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी माझ्या मावसभावाला एक मीम पाठवलं होतं. दादा बाणेरला राहतो, एफसी पुणे सिटीचा पक्का फॅन. बालेवाडीचं मैदान घरापासून जवळ, त्यामुळे एकही होम मॅच सोडायचा नाही. त्या दिवशी बातमी आली की पुण्याची टीम बंद, आता हैदराबाद खेळणार. मी मीम पाठवलं : रिकामी खुर्ची, त्यावर नारिंगी जर्सी. वर लिहिलं, 'दादा, आता बिर्याणी खा.' त्याने उत्तरच दिलं नाही. आठवडाभर दिलं नाही. मला वाटलं, किती मनाला लावून घेतो हा!

काय झालं होतं ते सांगते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा आठ टीम होत्या, त्यातली एक पुण्याची. मालक वाधवान कुटुंबाचा उद्योगसमूह, सोबत सिनेमातले स्टार. सुरुवातीची वर्षं यथातथाच गेली. २०१७-१८ मध्ये मात्र टीम जमली. मार्सेलिन्हो आणि अल्फारो गोल करत होते, पुणे पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचलं. बालेवाडीला बंगळुरूशी ०-० बरोबरी झाली आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारून पुण्याला घरी पाठवलं. दादा अजून त्या मॅचबद्दल बोलत नाही.

पुढच्याच वर्षी वाधवानांच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं आर्थिक संकट सगळ्या पेपरांत होतं. टीम चालवणं मालकांना झेपेना. नवे गुंतवणूकदार आले, ते हैदराबादचे. कागदोपत्री हैदराबाद एफसी नवा क्लब होता, पण लीगमधली जागा पुण्याची. प्रशिक्षक फिल ब्राऊन तेच, मार्सेलिन्होसह बरेच खेळाडूही तेच. नारिंगीच्या जागी पिवळा-काळा आला, एवढंच.

आणि २०२२ मध्ये हैदराबाद चक्क चॅम्पियन झालं. फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून. दादा म्हणाला, "बघ, आमची जागा चॅम्पियन झाली." टीम नाही म्हणाला, जागा म्हणाला.

गोष्ट इथे संपत नाही. त्यानंतर हैदराबादच्या मालकांचे पैसे संपले, खेळाडूंचे पगार थकले, पुन्हा मालक बदलले. २०२५ मध्ये नव्या मालकांनी टीम दिल्लीला नेली, नाव ठेवलं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे सहा वर्षांत पुणे, हैदराबाद, दिल्ली. सरकारी नोकरीतसुद्धा इतक्या लवकर बदल्या होत नाहीत.

आता दिल्लीवाल्यांची गंमत ऐका. त्यांची स्वतःची टीम होती, दिल्ली डायनामोज. तीही २०१९ च्या ऑगस्टमध्येच गेली, भुवनेश्वरला, आणि ओडिशा एफसी झाली. तिथे ओडिशा सरकारने हात पुढे केला होता, कलिंग स्टेडियम तयार होतं. म्हणजे ज्या शहराची टीम दुसऱ्याने नेली, त्या शहराला सहा वर्षांनी तिसऱ्याच शहराची टीम मिळाली.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेत त्यांचा तो हेल्मेटवाला फुटबॉल आहे ना, त्यात हा जुना धंदा आहे. १९८४ च्या मार्चमधल्या एका रात्री, बर्फ पडत असताना, बाल्टिमोर कोल्ट्सचं सगळं सामान ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेलं. लोक सकाळी उठले तेव्हा टीम गेलेली. मग त्याच बाल्टिमोरने काय केलं? १९९५ मध्ये क्लीव्हलंड ब्राऊन्सच्या मालकाला आपल्याकडे ओढलं. ज्याचं घर फुटलं त्यानेच दुसऱ्याचं फोडलं.

क्लीव्हलंडचं पुढे वेगळं झालं, आणि आज मला नेमकं तेच सांगायचंय. तिथले लोक रस्त्यावर उतरले, पण नुसते रडले नाहीत. मैदान शहराचं होतं आणि टीमचा त्या मैदानाशी १९९८ पर्यंतचा करार होता. शहर तो करार घेऊन कोर्टात गेलं. शेवटी तडजोड झाली : मालक खेळाडू घेऊन बाल्टिमोरला जाऊ दे, पण ब्राऊन्स हे नाव, रंग आणि सगळा इतिहास क्लीव्हलंडमध्येच राहील. १९९९ मध्ये त्याच नावाने, त्याच रंगात टीम पुन्हा उभी राहिली. बाल्टिमोरला गेलेल्यांना नवं नाव घ्यावं लागलं.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं, विम्बल्डनचं. १८८९ पासूनचा क्लब, १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला. मे २००२ मध्ये तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मतांनी मालकांना परवानगी दिली : न्या क्लब मिल्टन कीन्सला, साधारण नव्वद किलोमीटर लांब. फॅन्सनी काय केलं? काही दिवसांत स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खुल्या मैदानात निवड चाचणी घेतली, कोणीही या आणि खेळून दाखवा. नवव्या पायरीच्या लीगपासून सुरुवात केली, २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाव लेन रस्त्यावर नवं मैदान बांधून परत आले. क्लबची मालकी आजही फॅन्सच्या ट्रस्टकडे आहे.

आता पुण्याकडे परत येऊ. दादासारखे किती तरी पोरं दर मॅचला ढोल घेऊन जायची. तरी टीम गेली तेव्हा त्यांच्या हातात काय होतं? जर्सी आणि जुनी तिकिटं. क्लीव्हलंडकडे करार होता, विम्बल्डनकडे ट्रस्ट होता. पुण्याकडे प्रेम भरपूर होतं, कागद एकही नव्हता. त्यात टीमचं वय अवघं पाच वर्षं. शंभर वर्षांच्या क्लबसाठी आजोबा-नातू एकत्र लढतात, पाच वर्षांच्या क्लबसाठी लढायला आजोबाच नसतात.

मुंबईलाही हे नवीन नाही. माझे बाबा कूपरेजला मॅच बघायला जायचे. त्यांच्या काळात टीम कंपन्यांच्या होत्या : टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया. आणि महिंद्रा. महिंद्राने १९६२ मध्ये टीम काढली, २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, आणि २०१० मध्ये कंपनीने ती बंद केली. मग मुंबई एफसी होती, खालिद जमीलच्या हाताखाली वर्षानुवर्षं कशीबशी तग धरून. कूपरेजचं काम चालू होतं तेव्हा ती टीम काही काळ आपल्या होम मॅच पुण्यात, बालेवाडीत खेळायची. मुंबईची होम मॅच, एक्सप्रेस वेवरून! २०१७ मध्ये ती खालच्या श्रेणीत गेली आणि नंतर दिसेनाशी झाली.

बाबांना मी विचारलं, "महिंद्रा बंद झाली तेव्हा तुम्ही काय केलंत?" ते म्हणाले, "काय करणार? कंपनीची टीम होती, कंपनीने बंद केली." इतक्या शांतपणे म्हणाले की मलाच कसंतरी झालं.

हे सगळं मी आत्ता का बोलतेय? कारण २०२५ च्या डिसेंबरमध्ये फोनवर बातमी आली. सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. मँचेस्टर सिटीवाले हे लोक २०१९ मध्ये आले होते, ६५ टक्के हिस्सा घेऊन. त्यांच्या काळात आपण दोनदा शील्ड जिंकली, दोनदा कप जिंकला. लीगचंच भवितव्य अनिश्चित झालं आणि ते निघाले. मालकी परत रणबीर कपूर आणि बिमल पारेख या सुरुवातीच्या मालकांकडे आली. टीम मुंबईतच आहे, कुठे चाललेली नाही, घाबरवायचा माझा हेतू नाही. पण बातमी वाचताना पोटात खड्डा पडला. आणि पहिली आठवण आली ती त्या मीमची.

मी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, सॉरी. सहा वर्षं उशीर झालाय, पण सॉरी." तो हसला. म्हणाला, "मी तुला बिर्याणीचं मीम पाठवणार नाही, काळजी करू नकोस."

मालकाची बाजूही मांडते, नाहीतर अन्याय होईल. आपल्याकडे क्लब चालवणं म्हणजे तोट्याचा धंदा. पगार, प्रवास, हॉटेल, अकादमी, सगळं खिशातून. अंधेरीचं मैदान सात हजारांच्या आसपासचं, तेही प्रत्येक मॅचला भरत नाही. मागच्या पूर्ण हंगामात मी किती मॅचना गेले? तीन. बाकीच्या फोनवर पाहिल्या, त्यातही काही फक्त हायलाइट्स. मग 'आमची टीम' म्हणण्याचा माझा हक्क किती? मालकाने हिशेब मागितला तर मला खाली बघावं लागेल. पैसे घालणाऱ्याला कायम तोटा सोसत राहा असं आपण सांगू शकत नाही.

पण एक गोष्ट आपण विसरतो. टीम त्यांची असेल, मैदान कोणाचं आहे? अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल महापालिकेचं. बालेवाडीचं संकुल राज्य सरकारचं. म्हणजे तुमच्या-माझ्या करातून उभं राहिलेलं. क्लीव्हलंडच्या हातात हाच तर पत्ता होता! मैदान भाड्याने देताना करारात दोन ओळी घालायला काय हरकत आहे : क्लब हलवायचा असेल तर एक पूर्ण हंगाम आधी जाहीर करा, आणि शहराचं नाव, रंग, चिन्ह इथेच ठेवून जा. त्यात मालकाचा एक रुपयाही जात नाही. जायचंय तर जा, पण आमच्या आठवणी पेटीत भरून नेऊ नका.

इतर देशांत यापुढची पावलं पडलीत. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून जास्त मतं सदस्यांकडे राहतात. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदाच केला : मैदान हलवायला स्वतंत्र नियामकाची परवानगी लागेल, आणि चिन्ह किंवा जर्सीचे रंग बदलायचे तर फॅन्सचं मत घ्यावं लागेल. विम्बल्डनच्या पोरांनी तेवीस वर्षांपूर्वी जे सोसलं त्याचाही त्यात वाटा आहे.

आपल्याकडून सुरुवात छोटी होऊ शकते. मुंबई सिटीचे फॅन्स आहेत, वेस्ट कोस्ट ब्रिगेडसारखे गट आहेत, स्टँडमध्ये आवाज आहे. त्या आवाजाला नोंदणी, सदस्यांची यादी आणि वर्षातून एकदा क्लबसोबत बैठक एवढं जोडा. आणि हो, तिकीट काढून मैदानात जा. रिकाम्या खुर्च्यांच्या वतीने कोणी भांडत नाही.

शेवटी एक छोटी गोष्ट. २०२३ मध्ये मुंबई सिटीच्या आशियाई चॅम्पियन्स लीगची होम मॅच बालेवाडीला होती, इराणच्या नसाजीशी. मी नाहूरहून पुण्याला गेले, दादाच्या घरी उतरले. त्याला म्हटलं, चल. तो आला. त्याच मैदानात, मुंबईची मॅच बघायला. येताना कपाटातून ती नारिंगी जर्सी काढली आणि घातली. गेटवरच्या माणसाने विचारलं, "साहेब, ही कुठली टीम?"

दादा म्हणाला, "इथलीच."

आपण ०-२ हरलो. परत येताना दोघांपैकी कोणीच फार बोललं नाही.

तर मंडळी, पुढच्या होम मॅचला मी जाणार आहे. घाटकोपरला मेट्रोच्या पुलावर निळी जर्सी घातलेली, धावत सुटलेली मुलगी दिसली तर हाक मारा. तुमच्या गावाची, कॉलेजची, कंपनीची एखादी टीम अशी बंद झाली किंवा हलली असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवेन. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि नाहूरला उतरायचं असेल तर फास्ट पकडू नका!