देहांतील आनंदाचें कोठार

(नभोवाणीवरील भाषण)



आनंद हा संतांचा आणि कवींचा विषय. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म खडू-फळ्याजवळ घालविलेल्या मजसारख्या मास्तरानें त्यावर बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु ज्याची वस्तु हरवते तोच तिचा कसून शोध करतो. आणि माझा आनंद निवृत्तीच्या पहिल्याच वर्षीं हरवला होता.

शाळा सुटली ती कायमची. सकाळची घंटा नाहीं, वह्यांचा गठ्ठा नाहीं, 'गुरुजी' म्हणून वर्गांतून हांक नाहीं. खिडकीजवळच्या खुर्चींत बसून मी मोबाइलवरील चित्रें पाहात असें. एक संपलें कीं दुसरें, दुसरें संपलें कीं तिसरें. रात्रीं झोंप येत नसे आणि दिवसा कशांत लक्ष लागत नसे. अशांत 'मेंदूंतील आनंदद्रव्यें वाढविणाऱ्या' एका चूर्णाची जाहिरात वाचली व घरांत न सांगतां दोन डबे मागविले. डबे संपले, पैसे गेले, मन मात्र होतें तेथेंच राहिलें. रिकामे डबे पाहून पत्नी एवढेंच म्हणाली, "अहो, उत्तर पुस्तकाच्या मागें पाहूं नका, गणित स्वतः सोडवा, असें मुलांना जन्मभर सांगत होतां ना?"

तो टोला वर्मीं बसला. ग्रंथालयांतून पुस्तकें आणून मीं हें गणित प्रथमपासून मांडावयास घेतलें. त्यांतून जें उमगलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

१९७५ सालीं स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथें जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनीं डुकराच्या मेंदूंतून जें द्रव्य वेगळें काढलें, त्याचा परिणाम अफूंतील मॉर्फीनसारखा होता. म्हणजे वेदना शमविणारें औषध देह स्वतःच्या घरींच तयार करीत होता! या जातीच्या द्रव्यांना 'एंडॉर्फिन', म्हणजे अंतरांतलें मॉर्फीन, असें नांव मिळालें. पुढें १९९२ सालीं जेरुसलेम येथें राफाएल मेशूलाम यांच्या प्रयोगशाळेंत दुसरें एक द्रव्य सांपडलें. गांजांतील मादक द्रव्य मेंदूंत ज्या कुलपाला लागतें, त्याच कुलपाची ही देहानें घडविलेली किल्ली. तिच्या नांवासाठीं त्या शास्त्रज्ञांनीं थेट संस्कृतांतला 'आनंद' हा शब्द उचलला आणि द्रव्यास 'आनंदामाइड' म्हटलें. परदेशच्या प्रयोगशाळेंत आपला शब्द असा मानानें बसलेला पाहून माझ्यांतील भाषाशिक्षक सुखावला, हें कबूल केलें पाहिजे.

आतां या गोष्टी विकत कां मिळत नाहींत? सेरोटोनिन नांवाच्या द्रव्याचें उदाहरण घ्या. मनाच्या स्वास्थ्याशीं त्याचें नांव जोडतात. पण देहांतील सुमारें ९० टक्के सेरोटोनिन आंतड्यांत असतें, आणि रक्त व मेंदू यांच्यामध्यें जो पहारा आहे तो त्यास आंत जाऊं देत नाहीं. केळ्यांत सेरोटोनिन आहे खरें. म्हणून डझनभर केळीं खाल्लीं तर पोट भरेल, पण त्यांतलें सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोहोंचणार नाहीं.

डोपामीनची कथा याहून बोधप्रद आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनीं माकडांवर प्रयोग केले. फळांच्या रसाचा थेंब अवचित मिळाला कीं माकडाच्या मेंदूंतील डोपामीनच्या पेशी उसळत. रसापूर्वीं येणारी खूण ओळखीची झाल्यावर त्या खुणेलाच उसळूं लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळतांना स्वस्थ राहूं लागल्या. खूण होऊन रस न मिळाला तर उलट मंदावत. म्हणजे डोपामीन हें तृप्तीपेक्षां अपेक्षेचें द्रव्य आहे. हें वाचलें आणि खिडकीजवळची माझी खुर्ची आठवली. पुढचें चित्र कसें असेल, या आशेवर अंगठा फिरत होता. तृप्ति कोठेंच नव्हती.

सुटका झाली ती शेजाऱ्यामुळें. शेजारचे निवृत्त पोस्टमन एके दिवशीं पहाटेस दार ठोठावून म्हणाले, "गुरुजी, चला, पर्वतीवर जाऊं." त्या दिवशीं १०३ पायऱ्या चढतांना मी चार वेळां बसलों. ते दर खेपेस थांबले, पण परत फिरूं म्हणाले नाहींत. दीड महिन्यानें एकदांच बसून वर पोहोंचलों. धाप लागलेली, अंगाला घाम, समोर उगवता सूर्य. आणि मन हलकें!

असें कां होतें, याचा अंदाज जर्मनींतील एका प्रयोगावरून येतो. २००८ सालीं तेथें दहा धावपटूंच्या मेंदूंच्या प्रतिमा दोन तासांच्या धावण्यानंतर घेतल्या. एंडॉर्फिनसारखीं द्रव्यें मेंदूंत स्रवल्याच्या खुणा त्यांत दिसल्या, आणि ज्यास उल्हास अधिक वाटला त्याच्या ठिकाणीं त्या अधिक स्पष्ट होत्या. आपणांस दोन तास धावण्याचें कारण नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम सांगितले आहेत. भरभर चालणें त्यांतच मोडतें.

पण चालणें एकट्याचें असावें कीं सोबतीचें? ऑक्सफर्ड येथें नौका वल्हविणाऱ्या तरुणांवर एक परीक्षा झाली. श्रम तेवढेच, एकदां प्रत्येकानें एकट्यानें केले, एकदां सर्वांनीं एका लयींत. एकत्र वल्हविल्यावर त्यांची वेदना सोसण्याची शक्ति अधिक वाढलेली आढळली, आणि ती एंडॉर्फिनची खूण मानतात. मित्रांसह खळखळून हसल्यानेंही तसेंच घडतें, असें २०११ सालीं तेथल्याच संशोधकांनीं दाखविलें.

हें वाचतांना मला आषाढी वारी दिसली. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारें २५० किलोमीटर चालणें, टाळाच्या ठेक्यावर पाऊल, मुखीं अभंग, आणि मागेंपुढें दिंडी. वारकरी एंडॉर्फिनसाठीं चालत नाहीं, विठ्ठलासाठीं चालतो. आणि मर्म येथेंच आहे. आनंदाच्या मागें लागणाऱ्यास तो हुलकावणी देतो; दुसऱ्या कशांत तरी जीव ओतणाऱ्याच्या मागें तो आपण होऊन येतो. मीही आतां गुरुवारीं भजनास जातों. आवाज बेसूर आहे. कोणी तक्रार करीत नाहीं.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. उदासी आठवड्यामागून आठवडे हटत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, जिणें नकोसें वाटत असेल, तर तो आळस नव्हे, आजार आहे. अशास 'फिरायला जा' म्हणून वाटेस लावूं नका, डॉक्टरांकडे न्या. त्यांनीं दिलेलें औषध घेण्यांत कमीपणा नाहीं, आणि तें आपल्या मनानें बंदही करूं नये. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलिमानस या सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो लिहून ठेवा.

बाकी आपण सर्वांनीं उद्यां एवढेंच करावें. ज्या दाराशीं दुधाची पिशवी उशिरापर्यंत पडून असते, असें एखादें दार आपल्या जिन्यावर असेलच. तें ठोठवावें आणि म्हणावें, "चला, जरा फिरून येऊं." दोघांचेंही भलें होईल.